चार, आठ की नऊ? ‘ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी’ तोडायचा कसा आणि म्हणायचा कसा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, दहावीपर्यंत मराठी माध्यम. कान-नाक-घसा विभागात पोस्टिंग लागलं आणि केस प्रेझेंटेशनच्या पहिल्याच स्लाइडवर विभागाचं पूर्ण नाव आलं. तुम्ही ते ‘ओटोरहिनोलॅरिंजॉलॉजी’ असं वाचलं, मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं, आणि मॅडम म्हणाल्या, ‘शब्द तोडून वाचायला शिका.’ तुम्ही तोडायला बसलात, तर टर्मिनॉलॉजीच्या पुस्तकात 4 तुकडे, डिक्शनरीत मध्ये टिंबं देऊन 8, आणि रूममेट टाळ्या वाजवून 9 मोजते. यातलं बरोबर कोणतं, आणि उच्चार नक्की काय?

तिन्ही आकडे बरोबर आहेत. घोटाळा एवढाच झाला की ‘तोडणं’ हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या कामांसाठी वापरतो. पुस्तकाने शब्द अर्थासाठी तोडलाय, डिक्शनरीने छपाईसाठी, आणि तुमच्या रूममेटने तोंडासाठी. तुम्ही अर्थाचे तुकडे घेऊन त्यांचा उच्चार करायला गेलात, म्हणून अडखळलात. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ मुलामुलींचं हेच होतं. त्यात मराठी माध्यमाचा दोष फारसा नाही. उलट मराठी नीट येत असेल तर हा शब्द इंग्रजी माध्यमवाल्यांपेक्षा तुम्हाला सोपा जायला हवा. कसा ते सांगते.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी सात वर्षं मेडिकल ट्रान्सक्रिप्शन केलं. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल, आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांचं घाईघाईतलं डिक्टेशन. त्या कामात शब्द डोळ्यांना दिसतच नाही. कानावर पडतो आणि बोटांनी त्याचं स्पेलिंग शोधायचं असतं. नंतर गेली चौदा वर्षं मी नर्सिंग आणि पॅरामेडिकलच्या वर्गांना टर्मिनॉलॉजी शिकवते, म्हणजे बरोबर उलटं काम: स्पेलिंग समोर आहे, आवाज शोधायचा. दोन्हीकडून हे शब्द पाहिल्यामुळे मुलं नेमकी कुठे घसरतात ते मला बऱ्यापैकी ठाऊक आहे.

आता पुस्तकातले 4 तुकडे. स्पेलिंग असं आहे: ओ-टी-ओ, आर-एच-आय-एन-ओ, एल-ए-आर-वाय-एन-जी-ओ, एल-ओ-जी-वाय. एकूण 19 अक्षरं. ओटो म्हणजे कान, ऱ्हायनो म्हणजे नाक, लॅरिंगो म्हणजे स्वरयंत्र, आणि लॉजी म्हणजे अभ्यास. क्रमसुद्धा आपल्या ‘कान-नाक-घसा’चाच आहे. फक्त शेवटी घशाऐवजी स्वरयंत्र आलंय. काटेकोर बोलायचं तर घसा म्हणजे फॅरिंक्स आणि स्वरयंत्र म्हणजे लॅरिंक्स, पण विभागाच्या नावात घसा सांभाळण्याचं काम स्वरयंत्रच करतं.

हा समासविग्रह आहे. ‘राजवाडा’ म्हणजे राजाचा वाडा, तसाच. ग्रीक आणि संस्कृत या एकाच घराण्यातल्या भाषा. शब्दाला शब्द जोडून लांबलचक समास करायची हौस दोन्हींना. त्यामुळे ज्याने शाळेत विग्रह केलेत त्याला हा भाग नवा नाही.

त्यातही एक गोष्ट मराठी माणसाला आयती मिळते, ती म्हणजे सामान्यरूप. आपण ‘पाणीत’ म्हणत नाही, ‘पाण्यात’ म्हणतो. पाणीचं आधी पाण्या होतं, मग प्रत्यय लागतो. ग्रीकमध्येही नाम एकटं असताना वेगळं आणि पुढे काही जोडायचं असेल तेव्हा वेगळं. नाक म्हणजे ‘ऱ्हिस’, पण समासात जातं ‘ऱ्हिन’. कानासाठी शब्द आहे ‘ऊस’, पण समासात ‘ओत’. लॅरिंक्सच्या शेवटचा ‘क्स’ हा खरं तर ‘ग’ अधिक ‘स’ आहे. त्यातला ‘स’ हा प्रथमेचा प्रत्यय, तो गळाला की ‘ग’ उघडा पडतो, म्हणून लॅरिंक्सचं लॅरिंग होतं. ‘एक्स कुठे गेला आणि जी कुठून आला’ हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच. सामान्यरूप म्हटलं की वर्ग गप्प होतो.

मधले ‘ओ’ हे जोडणारे स्वर. पुढचा तुकडा व्यंजनाने सुरू होत असेल तर ‘ओ’ राहतो: ऱ्हायनो-प्लास्टी. स्वराने सुरू होत असेल तर बहुतेकदा गळतो: ऱ्हायन-आयटिस. (ऱ्हायनोप्लास्टीचं नाव निघालंच आहे तर एक सांगते. पुण्याजवळ कावसजी नावाच्या माणसाचं कापलेलं नाक इथल्या एका वीट पाडणाऱ्या कारागिराने कपाळाच्या कातडीने पुन्हा घडवलं, त्याचं वर्णन 1794 साली लंडनच्या एका मासिकात चित्रासकट छापून आलं होतं. त्या कारागिराला ऱ्हायनोप्लास्टी हा शब्द माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. तेव्हा शब्द अडला म्हणून आपल्याला काम येत नाही, असं मनात आणू नका.)

डिक्शनरीचे 8 तुकडे पटकन संपवते, कारण त्यांचा तुमच्या अडचणीशी संबंध कमी आहे. ती टिंबं मुळात ओळ संपत आली आणि शब्द मावत नसेल तर तो कुठे तोडून पुढच्या ओळीवर न्यायचा, हे मुद्रकाला सांगण्यासाठी असतात. एकटं ‘ओ’ ओळीच्या टोकाला लटकलेलं बरं दिसत नाही, म्हणून पहिल्या ‘ओ’नंतर टिंब देत नाहीत आणि ‘ओटो’ हा एकच तुकडा राहतो. तुमचा नववा तुकडा तिथे हरवला. बाकी आठांचं गणित रूममेटशी जुळतं. उच्चार बघायचा तर टिंबांकडे न पाहता त्याच्याशेजारी कंसात किंवा तिरप्या रेघांमध्ये दिलेली उच्चारखूण बघायची, आणि तिथे आघाताची, म्हणजे शब्दातला जोर कुठे द्यायचा ते दाखवणारी, छोटी उभी रेघ कोणत्या तुकड्याआधी आहे ते शोधायचं. अमेरिकन डिक्शनरी ओळ तोडताना उच्चाराकडे जास्त बघते, जुनी ब्रिटिश पद्धत व्युत्पत्तीकडे. म्हणून दोन डिक्शनऱ्यांची टिंबं जुळली नाहीत तरी घाबरू नका.

खरा मुद्दा 9 चा. एका झटक्यात तोंडातून निघतो तो एक तुकडा, आणि प्रत्येक तुकड्यात एकच स्वर. मग स्वर मोजले की झालं: ओ, ओ, आय, ओ, ए, वाय, ओ, ओ, वाय. नऊ. ग्रीक शब्दांच्या पोटात आलेला ‘वाय’ हा स्वर धरायचा, व्यंजन नाही. तो ग्रीक लिपीतल्या उप्सिलॉनचा वारस आहे आणि इथे त्याचा उच्चार ‘इ’. आता म्हणा:

ओ-टो, राय-नो, लॅ-रिं, गॉ-ल-जी.

दोन, दोन, दोन आणि शेवटी तीन. प्रत्येक गटाच्या पहिल्या तुकड्यावर टाळी द्या. चार टाळ्या पडतील: ओ, राय, लॅ, गॉ. चौथी सगळ्यात जोरात, कारण मुख्य आघात ‘गॉ’वर आहे. बाकीच्या तीन टाळ्या हलक्या. ज्याला भजनाला टाळ धरता येतो त्याला हा शब्द यायलाच पाहिजे, असं मी वर्गात म्हणते आणि मुलं हसतात, पण टाळी धरून म्हटल्यावर तिसऱ्या खेपेला जमतो.

आता या दोन यादी शेजारी ठेवा. अर्थाचे तुकडे: ओटो, ऱ्हायनो, लॅरिंगो, लॉजी. तोंडाचे गट: ओटो, रायनो, लॅरिं, गॉलजी. पहिले दोन जुळले. तिसऱ्यापाशी मात्र शिवण सरकली. लॅरिंगोमधलं ‘गो’ आपल्या घरातून उठून पुढच्याकडे गेलं आणि ‘लॉजी’ला चिकटून ‘गॉलजी’ झालं. तुम्ही ‘लॅरिंगो’ म्हणून थांबलात आणि मग ‘लॉजी’ म्हटलंत, की कान लगेच खटकतो. तुमचं एवढंच चुकत होतं. बाकी ‘रहि’ आणि ‘जॉ’ या स्पेलिंगच्या चुका, त्यांच्याकडे येतेच.

शिवण सरकते का? कारण इंग्रजीत आघात शेपटीवरून ठरतो. ‘लॉजी’ शेपटीला लागलं की आघात शेवटून तिसऱ्या तुकड्यावर जातो, आणि तो तिसरा तुकडा म्हणजे नेमका जोडणारा ‘ओ’. बिचारा सांध्याचा स्वर, अर्थाने शून्य किमतीचा, आणि आघात मात्र त्यालाच. आघात बसला की त्याचा ‘ओ’चा ‘ऑ’ होतो, आणि त्याच्या पुढच्याचा जोर जाऊन तो आपल्या ‘अ’सारखा पुसट होतो. म्हणून ‘लॉजी’ न होता ‘लजी’. आपण मराठीत ‘लॉजी’ म्हणतो तेव्हा दोन्ही ‘ऑ’ सारख्याच जोराने म्हणतो. तो आपल्या बोलण्याचा धर्म आहे, कारण मराठीत आघात असा एका जागी ठोकून बसवलेला नसतो.

हे कळायला ईएनटीच्या ओपीडीतलंच उदाहरण घ्या. कान बघायचं यंत्र: ओटोस्कोप. जोर पहिल्या ‘ओ’वर. त्या यंत्राने केलेली तपासणी: ओटॉस्कपी. जोर ‘टॉ’वर सरकला, ‘स्को’चं ‘स्क’ झालं. मूळ तेच, यंत्र तेच, फक्त शेवटी एक ‘वाय’ लागला. लॅरिंगोस्कोप आणि लॅरिंगॉस्कपीचंही तसंच. लॉजी, स्कोपी, ग्राफी, मेट्री, टॉमी, पॅथी या सगळ्या शेपट्या शेवटून तिसऱ्याला जोर देतात. आयटिस, ओसिस, ओमा या शेवटून दुसऱ्याला: ओटायटिस, ओटोस्क्लेरोसिस. प्लास्टी मात्र आघात आपल्याकडे ओढत नाही, ऱ्हायनोप्लास्टीत तो मुकाट पहिल्याच तुकड्यावर राहतो. एवढ्या शेपट्या पाठ केल्या तर वॉर्डातले बहुतेक लांब शब्द सुटतात. डोकं कितीही लांब असो, जोर शेपटी ठरवते.

आता आपल्या लिपीचा एक सापळा. देवनागरीत ‘अक्षर’ म्हणजे जे एकत्र लिहिलं जातं ते, आणि ते नेहमी तोंडाच्या तुकड्याशी जुळत नाही. ‘गॅस्ट्रो’ आपण लिहितो गॅ-स्ट्रो, पण म्हणतो गॅस्-ट्रो. ‘स’ पुढच्या जोडाक्षरात दिसतो, पण बोलताना तो मागच्याला टेकतो. ही गोष्टही तुम्हाला शाळेपासून माहीत आहे, फक्त वेगळ्या नावाने. वृत्त शिकताना जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू धरायचं, हा नियम आठवतो? ‘पुष्प’मधला ‘पु’ ऱ्हस्व असून गुरू का? कारण म्हणताना ‘पुष्-प’ होतं, ‘ष्’चा भार ‘पु’वर पडतो. ‘तुझ्या’त मात्र असा भार पडत नाही, म्हणून तिथे ‘तु’ लघूच. लघु-गुरूच्या खुणा करताना तुम्ही कानाने तुकडेच पाडत होतात. तेच इथे करायचं. शब्द देवनागरीत लिहून घ्यायला हरकत नाही, मी स्वतः लिहायला लावते, पण लिहिल्यावर जोडाक्षरापाशी थांबून विचारायचं की याचा पहिला भाग मागच्याला टेकतोय की पुढच्याला.

‘गॉल-अ-जी’ की ‘गॉ-ल-जी’, म्हणजे तो ‘ल’ मागच्याचा की पुढच्याचा, यावर भाषाशास्त्रज्ञ सुद्धा भांडतात. टिंबं देताना ‘ल’ मागे ठेवतात, उच्चार लिहिताना कधी पुढे. तोंडाने म्हणताना काडीचा फरक पडत नाही. तिथे वेळ घालवू नका.

मग ते ‘रहि’. आर-एच बघून तुम्ही ‘र’ आणि ‘ह’ वेगळे केलेत. जुन्या ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ श्वास सोडून म्हटला जायचा, रोमन लोकांनी तो दाखवायला आरपुढे एच लिहिला, आणि इंग्रजीने स्पेलिंग ठेवलं, श्वास टाकून दिला. म्हणजे इंग्रजीत तो नुसता ‘र’: रायनो. गंमत अशी की आपल्याकडे ऱ्हास, कऱ्हाड, गऱ्हाणं यांत तो ‘ऱ्ह’ आजही जिवंत आहे. त्यामुळे मराठीत लिहिताना ‘ऱ्हायनो’ लिहिणं मला आवडतं. स्पेलिंगमधला एच विसरला जात नाही, आणि म्हणताना थोडा ‘ऱ्ह’ निघाला तरी कोणाला कळत नाही. फक्त ‘रहि’ नको, कारण तिथे दोन तुकडे होतात आणि नवाचे दहा होतात.

इथेच एक स्पेलिंगची खोच. हाच ‘र’ ‘वाहणं’ या अर्थाच्या शेपटीत आला आणि त्याच्या आधी स्वर असला की दोन आर लिहितात: कान वाहणं ते ओटोरिया, नाक वाहणं ते ऱ्हायनोरिया. दोन्हींत शेवटी आर-आर-एच. पण ओटोऱ्हायनोमध्ये एकच आर. नेमकी ही परीक्षेत चुकते.

‘रिं’वरचा अनुस्वार ही तर आपली हक्काची जागा. ग्रीक लोक लॅरिंक्सच्या आत ‘न’ लिहीतच नव्हते. ‘ग’च्या आधी आलेल्या ‘ग’चा उच्चार ‘ङ’ करायचा, असा त्यांचा संकेत होता. आपण ‘अंग’ लिहितो आणि ‘अङ्ग’ म्हणतो, कोणी शिकवावं लागत नाही. लॅरिं-गॉ अगदी तसंच म्हणा. मुलं कधी कधी घाईत ‘लॅर्निक्स’ म्हणतात, तर ते मात्र टाळा. ‘आर’नंतर ‘वाय’ आहे, ‘एन’ नाही.

आणि ‘जॉ’. जीपुढे ई, आय किंवा वाय आला तर बहुधा ‘ज’, ओ किंवा ए आला तर ‘ग’. म्हणून लॅरिंजायटिस, लॅरिंजेक्टमी, पण लॅरिंगॉलजी, लॅरिंगॉस्कपी. एकाच शब्दात पहिला जी ‘ग’ आणि शेवटचा जी ‘ज’, हे बघून तुम्ही दोन्ही ‘ज’ केलेत. तुमची चूक तर्काला धरूनच आहे.

सी-एचबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ईएनटीत आहात तर गाठ पडणारच: कोलेस्टिअटोमा. कानाच्या पडद्यामागे वाढणारा, हाड खात जाणारा कातडीचा गोळा. दरवर्षी एक तरी जण त्याला ‘छोलेस्टिटोमा’ म्हणतो, आणि मग दुपारपर्यंत वर्गात भटुऱ्यांचे विनोद. ग्रीक शब्दांतला सी-एच म्हणजे ‘क’. मूळ ग्रीक अक्षराचा उच्चार पूर्वी आपल्या ‘ख’सारखा होता, तसाच पी-एचचा जुन्या ‘फ’सारखा आणि टी-एचचा ‘थ’सारखा. क-ख, प-फ, त-थ ही जोडी त्यांच्याकडेही होती. ‘कोले’ म्हणजे पित्त, ‘स्टिअट’ म्हणजे चरबी, ‘ओमा’ म्हणजे गाठ. 1838 साली योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने हे नाव दिलं. यात पित्त नसतं आणि ही खऱ्या अर्थाने गाठही नाही. म्हणजे समासविग्रहावर सुद्धा डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. जोर ‘टो’वर, शेवटून दुसरा.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. मी वर दिलेला उच्चार इंग्रजी डिक्शनरीतला आहे. महाराष्ट्रातल्या वॉर्डात चार मोठे डॉक्टर चार तऱ्हेने म्हणतात, आणि चौघांचंही काम चालतं. ‘ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी’ असं सगळे स्वर भरघोस म्हणणारे उत्तम सर्जन मी पाहिलेत. आघात नीट पडला नाही म्हणून इथे तुम्हाला कोणी नापास करणार नाही, तुकडा गाळला किंवा ‘ग’चा ‘ज’ केला तर टोकतील. पुढे परदेशात जायचं असेल, ओईटीसारखी (आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची) परीक्षा द्यायची असेल, तर मात्र उलटं: तिकडच्या कानाला एखादा स्वर इकडचा तिकडे झाला तरी चालतो, पण जोर चुकीच्या तुकड्यावर पडला तर शब्द ओळखूच येत नाही. हे मी ट्रान्सक्रिप्शनमध्ये स्वतः उलट्या बाजूने भोगलंय. डॉक्टर गिळून टाकतात ते बिनजोराचे तुकडे, शिल्लक राहतो तो जोराचा, आणि त्यावरूनच शब्द पकडायचा असतो.

आणि मराठीत जे शब्द रुळलेत त्यांना हात लावू नका. ‘सोनोग्राफी’चा इंग्रजी जोर ‘नॉ’वर आहे, सनॉग्रफी. पण वडगावच्या आजीला ‘सनॉग्रफी करून या’ म्हणालात तर ती नवीन काहीतरी तपासणी समजून घाबरेल. पेशंटशी सोनोग्राफीच. घोळणा फुटला असेल तर पेशंटशी घोळणाच फुटलेला असतो, एपिस्टॅक्सिस फाइलमध्ये. बीपीच्या यंत्राला वॉर्डात कोणीही स्फिग्मोमॅनॉमिटर म्हणत नाही, पण व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारतात, म्हणून यायला हवं.

उच्चार कुठे खरोखर जिवावर येतो ते सांगते, कारण तो फटका मी खाल्लाय. माझ्या पहिल्या वर्षातला रिपोर्ट. डॉक्टर म्हणाले ‘डिसफेजिया’, गिळायला त्रास. मी टाइप केलं ‘डिसफेझिया’, म्हणजे बोलण्यात, भाषेत बिघाड. ‘ज’ आणि ‘झ’ यांत माझा कान तयार नव्हता, आणि मी पुढचं वाक्यही लक्ष देऊन ऐकलं नाही, नाहीतर तिथे पेशंट पातळ पदार्थच घेतो असं स्पष्ट होतं. तपासणीला बसलेल्या सीनियर ताईंनी पकडलं म्हणून निभावलं. गिळणं घशाचं, बोलणं मेंदूचं, आणि मध्ये फक्त एक वर्ण. तेव्हापासून मी मुलांना सांगते की फोनवर ऑर्डर घेताना हे दोन शब्द आले तर लाज न बाळगता विचारायचं, ‘सर, गिळायचा त्रास ना?’ लांब शब्दात अडखळलेलं लोकांना दिसतं, म्हणून आपण त्याची धास्ती घेतो. अशा आखूड जोड्या मात्र कोणाच्या लक्षातही न येता चुकतात.

सराव कसा करायचा? पुढून नाही, शेपटीकडून. मी हे असं करून घेते:

जी.
लजी.
गॉलजी.
रिंगॉलजी.
लॅरिंगॉलजी.
नो-लॅरिंगॉलजी.
रायनो-लॅरिंगॉलजी.
ओटो-रायनो-लॅरिंगॉलजी.

शेपटीकडून गेल्यावर जोराचा तुकडा पहिल्या तीन पायऱ्यांतच पक्का होतो, आणि नंतर जे जोडाल ते ओळखीच्या वाटेकडे जातं. पुढून सुरू केलं तर ‘ओटोरायनो’ झकास जमतं आणि पुढे अंधार. दम तिथेच संपतो. स्वरयंत्र पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका गाणं शिकवणाऱ्या माणसाने, मॅन्युएल गार्सियाने, 1854 मध्ये, दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरून आणि दुसरा आरसा हातात घेऊन. त्यामुळे या शब्दाचा रियाज गाण्यासारखा करायला काही हरकत नाही. आंघोळ करताना करा, कोणी ऐकत नाही.

व्हायवात ऐन वेळी तोंडच वळलं नाही तर? ‘ईएनटी’ म्हणा. देशातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने स्वतःच्या इंग्रजी नावात मधलं ‘ऱ्हायनो’ गाळून नुसतं ओटोलॅरिंगॉलॉजिस्ट ठेवलंय. तुम्ही एक नाक गाळलंत म्हणून कोणी धारेवर धरणार नाही.

जाता जाता स्वतःला तपासून बघा. अन्ननलिकेत नळी घालून केलेली तपासणी: ई-एस-ओ-पी-एच-ए-जी-ओ-एस-सी-ओ-पी-वाय. आधी अर्थाचे तुकडे पाडा, मग स्वर मोजा, मग शेपटी बघा आणि जोराची टाळी द्या. अर्थाचे दोन, तोंडाचे सहा, आणि टाळी ‘गॉ’वर पडली असेल तर उद्या प्रेझेंटेशन पुन्हा करायला हात वर करा.